वेगवेगळ्या शाखांतल्या पीसींवरून पुरावा आपोआप गोळा करणं – माझा अनुभव

एका पतसंस्थेच्या शाखांमध्ये कुणीतरी रिमोट डेस्कटॉपने घुसलंय असा संशय होता आणि सगळे पीसी सुटे, डोमेन (सगळे पीसी एका ठिकाणाहून सांभाळायची विंडोजची व्यवस्था) नाही, मधला सर्व्हर नाही, त्यामुळे प्रत्येक शाखेत जाऊन डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढत बसलो असतो तर तोवर लॉग (पीसीवर काय घडलं त्याच्या नोंदी) उडाले असते, कारण विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचाच असतो, भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात.

मग वेलोसिरॅप्टर लावलं, म्हणजे आपल्या एका सर्व्हरवरून अनेक पीसींवरचा पुरावा मागवणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बंद असलेला पीसी नंतर चालू झाला की हंट (सगळ्या पीसींवर एकदम सोडलेला शोध) तिथे आपोआप चालतो, फक्त हंटची मुदत वाढवून ठेवा. ४६२४ क्रमांकाच्या लॉगिन नोंदींमधले टाइप १० चे, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे लॉगिन, लॉग पुसल्याची ११०२ क्रमांकाची नोंद आणि प्रीफेच (कोणते प्रोग्रॅम चालले ते दाखवणाऱ्या विंडोजच्या फाइली), एवढंच मागवलं.

तरी घटनांचा क्रम जुळेना! एका शाखेचं घड्याळ पुढे, दुसऱ्याचं मागे. म्हणून प्रत्येक पीसीची वेळ वेलोसिरॅप्टरच्या सर्व्हरच्या वेळेशी ताडून फरक नोंदवणारी छोटी क्वेरी जोडली, मूळ नोंदींना हात न लावता फरक वेगळ्या रकान्यात ठेवला आणि सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लावलं. मग घुसखोराने कुठल्या पीसीवरून कुठे उडी मारली ते सरळ दिसलं.

आणि हो, गोळा झालेल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लगेच काढा, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लागतोच.