मोठा आरसी (रिमोटवर चालणारा) रणगाडा बांधताय? या चुका टाळा

इंदुरात रणगाडा बांधायला घेतलेल्या बहुतेकांचं टरेट, म्हणजे वरचा फिरणारा तोफेचा भाग, सगळ्यात आधी तयार होतं. तोफेची नळी चढते, हिरवा रंग लागतो, फोटो ग्रुपवर फिरतात. मग खाली चाकं बसवायची वेळ येते आणि पुढचे कित्येक महिने ते टरेट कपाटावर धूळ खात पडतं. माझं सरळ मत आहे, भिया: नुसता सांगाडा, मोटर आणि ट्रॅक (चाकांभोवतीचा कड्यांचा पट्टा) एवढ्यावर गाडी जागच्या जागी डावी-उजवी फिरत नाही, तोवर वरच्या भागाला हात लावू नये.

इथे १/६ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या एक षष्ठांश मापाचा, टी-५५ धरून बोलतो. भारतीय सैन्याने १९७१च्या युद्धात वापरलेला हा रणगाडा. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन खरे रणगाडे जवळून बघता येतात. टेप लावायला मिळो न मिळो, चाकं आणि ट्रॅक यांचे बाजूने भरपूर फोटो काढून आणा. टी-५५च्या पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर असतं. ही फट विसरून पाचही चाकं समान अंतरावर लावलेली मॉडेलं पाहिली की जीव हळहळतो.

स्केल ठरवताना दार मोजा

टी-५५ची बॉडी ६.४५ मीटर लांब आणि ३.२७ मीटर रुंद. १/६मध्ये ती साधारण १०७ बाय ५४ सेंटिमीटर होते, म्हणजे रामबागेतल्या जुन्या घराच्या दारातूनही निघेल. ‘मोठाच करू’ म्हणून १/४चा टायगर (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा) काढलात तर रुंदी ९२ सेंटिमीटरच्या पुढे जाते. तो खोलीत जन्मेल आणि खोलीतच राहील. शिवाय माप दुप्पट केलं की वजन आठपट होतं. १/६च्या गाडीचं वजन ५० किलोच्या आसपास ठेवलं तर दोघांना ती उचलून गाडीत टाकता येते.

मोटर सरळ रेषेच्या हिशेबाने घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोटर लावली, रणगाडा ओट्यावरून झोकात पुढे गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वळवायला गेले तर जागीच घरघर, आणि ड्रायव्हर बोर्डातून (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटमधून) धूर.

रणगाड्याला स्टिअरिंगची चाकं नसतात. वळायचं तर दोन्ही ट्रॅक जमिनीवर आडवे घासत जावे लागतात. खऱ्या टी-५५चा ट्रॅक ३.८४ मीटर जमिनीला टेकतो आणि दोन ट्रॅकच्या मध्यांमधलं अंतर २.६४ मीटर. म्हणजे गुणोत्तर दीडच्या जरा आत. हे १.८च्या पुढे गेलं की गाडी वळायला नाखूश होते, म्हणून ‘दिसायला छान’ या कारणासाठी मॉडेल लांबवू नका.

आता आकडे मांडा. गाडी ५० किलो, टेकणारी लांबी ६४ सेंटिमीटर, ट्रॅकमधलं अंतर ४४, सिमेंटवर रबर पॅडचं घर्षण ०.७ धरलं. जागच्या जागी वळायला प्रत्येक ट्रॅकला सुमारे १२.५ किलोचा जोर लागतो. तीच गाडी सपाट जागेवर सरळ चालवायला एका बाजूला दोन किलोच्या आसपास पुरतात. सहापट फरक! स्प्रॉकेटचा (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचा) व्यास १२ सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला १८० असतील तर वेग ताशी ४ किलोमीटर मिळतो, मागून चालत जाता येईल असा. त्याच वेगात वळताना दर बाजूला साधारण १४० वॅट खर्च होतात. म्हणून गिअर असलेली २४ व्होल्ट, २५० वॅटची ई-बाइक मोटर दर बाजूला एक, आणि दर चॅनलला (एका मोटरच्या बाजूला) निदान २५-३० अँपिअर सोसणारा ड्रायव्हर. भंगारातून आणलेली वायपर मोटर स्वस्त असते खरी, पण ती टरेट फिरवायला ठेवा.

बॅटरीतही हाच घोळ होतो. यूपीएसच्या ७ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडल्या की ७ एएच मिळतील असं वाटतं. पण जड करंट ओढला की लेड-अ‍ॅसिड बॅटरी लिहिलेल्यापेक्षा बरंच कमी देते. जास्त एएचच्या घ्या, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, ड्रायव्हरजवळ नाही. मधल्या वायरीचं इन्सुलेशन कापलं गेलं तर लांबचा फ्यूज काही कामाचा नसतो.

ट्रॅक उतरतोय?

लोक लगेच ताण वाढवतात. आधी गाडी ठोकळ्यांवर उचला आणि मागून एक डोळा मिटून बघा: स्प्रॉकेट, पाचही चाकं आणि पुढचा आयडलर (ट्रॅक ताणून धरणारं चाक) एका रेषेत आहेत का? आयडलरचा आस जरा जरी तिरका असेल तर ट्रॅक दर फेऱ्याला कणाकणाने बाहेर सरकतो. तिथे ताण वाढवून फक्त बेअरिंग खराब होतात.

रेषा बरोबर असेल तर कड्या तपासा. टी-५५च्या एका बाजूला नव्वदच्या आसपास कड्या असतात. प्रत्येक भोक ०.२ मिलिमीटर झिजलं तरी ट्रॅक १८ मिलिमीटर लांब होतो. नवा ट्रॅक पहिल्या काही फेऱ्यांत असा ढिला होणारच. आयडलर मागेपुढे सरकवायची सोय ठेवा आणि ती संपली की एक कडी काढून टाका. टी-५५ला वर रिटर्न रोलर (ट्रॅकची वरची बाजू उचलून धरणारी छोटी चाकं) नसतात, ट्रॅक चाकांवरच झोल देऊन टेकतो. तो झोल दोष नाही, तसाच हवा.

पिना बाहेर निघत असतील तर रशियन युक्ती वापरा. टी-३४ या जुन्या रशियन रणगाड्यात पिनेचं डोकं आतल्या, म्हणजे बॉडीच्या बाजूला असे, आणि मागे बॉडीवर एक पाचर वेल्ड केलेली असे. सरकलेली पिन तिथून जाताना टकटक करत परत आत ठोकली जायची. सांवेर रोडवरच्या कुठल्याही लेथवाल्याला चित्र काढून दिलंत तर पाचर तासाभरात मिळते.

गाडी एका बाजूला ओढते

मोटर सुटी करून दोन्ही ट्रॅक हाताने फिरवा. एक जड लागला तर दोष तिथेच. दोन्ही सारखे असतील तर ड्रायव्हरवर डाव्या-उजव्या मोटरच्या वायरी अदलाबदल करा आणि फक्त सरळ चालवा. ओढ बाजू बदलली तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा रिमोटच्या ट्रिममध्ये (मधली जागा बारीक सरकवणाऱ्या बटणात). त्याच बाजूला राहिली तर मोटर-गिअरमध्ये. एवढं न करता जेल रोडवर जाऊन नवा ड्रायव्हर आणणारे पुष्कळ.

टरेटचा सर्व्हो (रिमोटच्या हुकुमाने ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) उगाच थरथरत असेल तर ब्रश मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावा. रेंज कमी पडत असेल तर अँटेना बघा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या रिसीव्हरमध्ये वायरीच्या टोकाचा उघडा ३१ मिलिमीटर तुकडाच खरी अँटेना असतो. तो अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत कोंडला की संपलं.

फेलसेफची, म्हणजे सिग्नल गेल्यावर गाडी आपोआप थांबते का याची, चाचणी मात्र टाळू नका. गाडी ठोकळ्यांवर, ट्रॅक अर्ध्या वेगात, आणि रिमोट बंद करा. दोन्ही बाजू थांबल्या पाहिजेत. काही रिसीव्हर सिग्नल गेल्यावरही शेवटचा हुकूम पाळत राहतात. चिमणबाग मैदानावर पोरं गोळा झालेली असताना ५० किलोचं धूड असं सुटलं तर काय होईल! मेन स्विच मागच्या डेकवर, वाकून हाताला लागेल असा हवा.

प्लाय आणि काळी माती

दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणेल. शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ एमआर प्लाय फक्त दमटपणा सोसतो. पाण्याचिखलात जायचं तर आयएस ७१० घ्या. बेअरिंग रबर सीलचे, २आरएस लिहिलेले. झेडझेडची पत्र्याची टोपी माळव्याची धूळ अडवत नाही.

ओल्या काळ्या मातीत गाडी घालायचीच नाही. ती स्प्रॉकेटच्या दातांत ठासून बसते, दात उथळ होतात आणि ताण बरोबर असूनही ट्रॅक चढून उतरतो. पावसाळ्यात मुरमाची जागा शोधा. तरीही माती लागलीच, तर घरी पोचल्याबरोबर, ती ओली असतानाच, काठीने दात मोकळे करा. रात्रभर राहू दिलीत तर सकाळी छिन्नी लागेल.