वेकबोर्डिंगसाठी जुनी बोट घेताना: बेळगाव परिसरातल्या मित्रांसाठी तयारीची यादी

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीला बांधलेली दोरी धरून, पायाला बांधलेल्या फळीवर उभं राहून बोटीमागच्या लाटेवर घसरायचा खेळ. आधी पाणी ठरवा, मग बोट. बोट कुठं उतरणार हे पक्कं होईपर्यंत कुणालाही विसार देऊ नका. बेळगावकराच्या तोंडात पहिलं नाव राकसकोपचं येतं, पण ते पाणी शहर पितं; तिथं इंजिन उतरवायचा विषयच नको. उरतात ती हिडकल आणि सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ. दोन्ही धरणं कर्नाटक नीरावरी निगमच्या ताब्यात आहेत, तेव्हा तिथल्या कार्यालयाची लेखी परवानगी हातात आल्यावरच पुढचं पाऊल टाका. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या आणि त्यात बोटीची लांबी, इंजिनाची ताकद, माणसं किती, लाइफ जॅकेटं किती, सगळं मांडा. तोंडी होकारावर लाखभर रुपये अडकवायचे नाहीत.

त्याच फेरीत जवळपासच्या मासेमाऱ्यांशी बोलून घ्या. उन्हाळ्यात हिडकलचं पाणी ओसरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पण मंदिर दिसायला लागण्याआधीचे काही आठवडे बोटीसाठी जास्त धोक्याचे, कारण तेव्हा जुन्या भिंती, खोडं, बांध पाण्याखाली हात-दोन हातांवर असतात आणि वरून काहीच कळत नाही. कुठल्या महिन्यात कुठला भाग टाळायचा हे मासेमारी करणाऱ्यांइतकं कुणी सांगणार नाही. वहीत नकाशा काढून घ्या.

आता बोट कसली? वेकबोर्ड चालतो ताशी साधारण 30 ते 35 किलोमीटरला. शिकणाऱ्याला त्याहून थोडा कमी वेग पुरतो. दोरी 18 ते 23 मीटर, नवख्यासाठी 15 मीटरही चालते. एवढ्यासाठी खास बांधणीची परदेशी वेक-बोट लागत नाही. तिची लाट मोठी असते हे खरं, पण तिचा एक सुटा भाग बिघडला की अख्खा हंगाम वाट बघण्यात जातो. माझं मत स्पष्ट आहे: 16 ते 18 फुटांची फायबरची उघडी बोट आणि मागं 90 ते 115 अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून टांगलेलं इंजिन. लाट छोटी वाटली तर पाण्याच्या पिशव्या भरून वजन वाढवता येतं. 1 लिटर म्हणजे 1 किलो, हिशोब सोपा. फक्त बोटीवर लिहिलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेत माणसं आणि पिशव्या दोन्ही धरायच्या. इंजिन शक्यतो फोर-स्ट्रोक बघा. टू-स्ट्रोक स्वस्त मिळतं, पण जुनी टू-स्ट्रोक इंजिनं न जळलेलं ऑइल-पेट्रोल पाण्यात सोडतात, आणि हिडकलचं पाणीही नळानं आपल्या घरात येतं. आणखी एक गोष्ट: आउटबोर्डचा पंखा (प्रोपेलर) बोटीच्या मागं फिरत असतो, म्हणून दोरी सोडून बोटीला चिकटून लाटेवर चालायचा वेकसर्फिंगचा खेळ या बोटीमागं अजिबात करायचा नाही.

अशा जुन्या बोटी आपल्याला मिळतात त्या बहुतेक गोव्यात किंवा मालवणकडं, पर्यटकांच्या फेऱ्या मारून थकलेल्या. म्हणजे खारं पाणी आलंच. बघायला जाताना प्लॅस्टिकचा हातोडा, टॉर्च, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांतला एखादा जाणता मेस्त्री सोबत घ्या. आपल्या गावात इंजिन उघडून बसणाऱ्या माणसांची वाण नाही. एका दिवसाची त्यांची मजुरी वाचवू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ट्रान्समला, म्हणजे ज्या मागच्या उभ्या फळीवर इंजिन टांगलेलं असतं तिला. वरून फायबर चकचकीत असतं, आत मात्र बऱ्याचदा लाकूड असतं. बोल्टाच्या भोकातून पाणी मुरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. आमच्या पहिल्या बोटीला नवा रंग होता आणि आम्ही रंगावर भाळलो. तिसऱ्या रविवारी इंजिन वर उचलताना फळी कुरकुरली, बोल्टाजवळ तपकिरी पाणी पाझरलं, आणि अख्खा पावसाळा बोट शेडमध्ये पडून राहिली. म्हणून हातोड्यानं इंचाइंचावर ठोकून बघा. निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. मग इंजिन थोडं वर करून त्याचं खालचं टोक धरून वरखाली हलवा. सोबतच्यानं फळीकडं बघत राहावं. फळी वाकली किंवा कडेला केसाएवढी चीर उघडली, तर भाव कितीही उतरला तरी परत फिरा. तसंच तळावरून चालून बघा. पाय दबतो तिथं आतलं लाकूड गेलेलं असतं.

इंजिन बघताना पहिलं काम म्हणजे त्यावर हात ठेवायचा. ते थंडच हवं. मालकानं आधीच चालू करून गरम ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा, कारण खरी खोड थंड इंजिन सुरू करतानाच कळते. सुरू झाल्यावर बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची धार जोरात यायला हवी. ती नसेल तर थंडाव्याचं पाणी फिरत नाही, लगेच बंद करा. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा, एकमेकांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. खालच्या गिअरचं ऑइल थोडं सोडून बघा. दुधाळ असेल तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, मात्र तपासत बसू नका, घेतल्यावर नवाच घाला.

समुद्रावर जोरात पळालेली बोट आपल्याकडं थोडी मंद वाटेल. हिडकलचं पाणी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. विरळ हवेत इंजिनाची ताकद सहा-सात टक्के घटते. म्हणून एक-दोन इंच कमी पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात जेवढं पुढं ढकलेल ते अंतर) पंखा हिशोबात धरा, म्हणजे जुना सुटा पंखा म्हणूनही जवळ राहतो.

दोरी बांधायचा टॉवर इथं बनवून घेता येईल, चांगलं वेल्डिंग आपल्याकडं होतं. पण तो फायबरला नुसत्या स्क्रूनं बसवायचा नाही. आरपार बोल्ट आणि खालून धातूची पट्टी. आणि त्या टॉवरला फक्त बोर्डवाला ओढायचा. हवेची ट्यूब पाण्यात रुतली की झटका फार मोठा बसतो, ती कधीच तिथून ओढू नका.

ट्रेलरची बेअरिंगं, टायर, दिवे पाहा. खाऱ्या पाण्यात बुडून बुडून बेअरिंगं आतून गंजलेली असतात, आणि चोर्ला किंवा आंबोली घाटात चाक जाम झालं तर मागं वाहनांची रांग लागते. पावसाळ्यात बोट आणायची नाही.

कागदांत बोटीचा नोंदणी दाखला, इंजिनाचं मूळ बिल आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र बघा. अंतर्देशीय जलयान कायदा 2021 नुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी लागते, तेव्हा दाखल्यावरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक स्वतः डोळ्यांनी जुळवा. नोंदणी शेजारच्या राज्यातली असेल तर नाव बदलायचं काम कुणी आणि किती दिवसांत करायचं, ते खरेदीच्या कागदावरच लिहून घ्या.

पैशांचा तिसरा हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढा: लाइफ जॅकेटं, अग्निशामक, पंखा, टॉवर आणि पेट्रोल. पूर्ण रेस दिल्यावर 90 अश्वशक्तीचं इंजिन तासाला 30 लिटरच्या वर पितं. मित्रमंडळींनी वर्गणी काढली असेल तर हा खर्च कसा वाटायचा तेही आधीच बोलून घ्या.

शेवटी चाचणी. बोटीत तिघं: एक चालवणारा, एक सतत मागं बघणारा, एक मेस्त्री, आणि दोरीला तुमच्यातला सगळ्यात वजनदार गडी, जॅकेट घालून. आधी चालवणाऱ्याच्या मनगटाची किल-कॉर्ड, म्हणजे तो पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, ओढून बघा, इंजिन त्याच क्षणी बंद पडायला हवं. मग खोल पाण्यातून गड्याला उठवा. बोट नाक वर करून फार वेळ रखडत असेल तर ताकद कमी पडतेय. तो उभा राहिला, वेग स्थिर राहिला आणि तासाभरानं तळात नवं पाणी दिसलं नाही, तर भावाची बोलणी करायला बसा.