आईला इझाबेला दाखवायची असेल तर

लंडनच्या किंग्स्टनला राहायला आल्यापासून मी पाहुण्यांना चारदा इझाबेला प्लँटेशन, म्हणजे इथल्या रिचमंड पार्कातली अझेलियाच्या फुलझुडपांची बाग, दाखवलंय आणि त्यातल्या दोनदा फजिती झालीय. पहिल्यांदा सासूबाईंना मेच्या अखेरीस नेलं. झुडपांवर चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी फुलं लोंबत होती. "छान हिरवंगार आहे हो," म्हणाल्या बिचाऱ्या. दुसऱ्यांदा मेच्या पहिल्या सोमवारी, बँक हॉलिडेला गेलो. गाडी लावायला जागा शोधण्यातच पाऊण तास गेला आणि आत गणपतीचे देखावे बघायला असते तशी रांग.

तेव्हा आधी दिवस ठरवा. एप्रिलचा शेवटचा किंवा मेचा पहिला आठवडा, मधला वार आणि सकाळ. थंडी लांबली तर बहरही लांबतो, म्हणून आई-बाबांच्या मुक्कामाच्या पहिल्याच आठवड्यात हे उरकू नका, हाताशी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

गाडी नसेल तर किंग्स्टनहून ८५ नंबरची बस घ्या, किंग्स्टन हिलवर उतरा आणि लॅडरस्टाइल गेटमधून रिचमंड पार्कात शिरा. तिथून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. वाटेत हरणं दिसली की बाबा फोन काढून पुढे सरकणारच. त्यांना आवरा, पन्नास मीटर लांब राहायचा नियम आहे. ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) असेल तर बागेच्या अगदी लगत, पेग्ज पाँडपाशी गाडी लावता येते. गुडघेदुखीवाल्यांसाठी हे फार सोयीचं.

बागेचं फाटक मागे नीट लावून घ्या. हरणं आत आली तर कोवळे कोंब शिल्लक राहायचे नाहीत. मुळात इथे कुंपण घातलं ते १८३१ मध्ये पार्कचे तेव्हाचे उपरेंजर लॉर्ड सिडमथ यांनी. ४२ एकर राखून त्यांनी ओक, बीच, चेस्टनट लावले, तेही लाकडासाठी! फुलांची बाग पुढच्या शतकातली, लोकांना खुली झाली १९५३ मध्ये. जुन्या ओकांची सावली आयती होती, आणि अझेलियाला भर ऊन नकोच असतं. इथे जपानी कुरुमे अझेलियाच्या ५० जातींचा नामांकित संग्रह आहे. आई लांबूनच म्हणाली, "अगं, ही तर बोगनवेल!" रंगाच्या बाबतीत तिचं खरंच होतं.

आत गेल्यावर रेंगाळू नका, थेट स्टिल पाँड गाठा. वारा सुटायच्या आत पोचलात तर काठावरचा गुलाबी-जांभळा डोंगर पाण्यात उलटा दिसतो. फोनला हा रंग झेपत नाही, सगळं एकजात भडक येतं. स्क्रीनवर फुलाच्या जागी बोट टेकवा आणि उजेड कमी करा. ढगाळ हवा असेल तर उत्तमच. मग ओहोळाच्या कडेकडेने सावकाश निघा, झाडांखाली ब्लूबेल्सचा निळा पट्टा शोधा. पेग्ज पाँडवर मंदारिन बदकं असतात. त्यातला नर इतका रंगीत असतो की आईला तो प्लास्टिकचा वाटला.

साडीखाली मोजे आणि बूट घालायला आईला आदल्या रात्रीच पटवा, सकाळी वाद नको. पाऊस पडून गेला असेल तर मळकट पिवळा चिखल होतो. या भागाचं 'इझाबेला' हे नाव त्या मातीच्या रंगावरूनच पडलं असावं म्हणतात. शाल, छत्री, थर्मास आणि दशम्या घ्या. कॅफे पेम्ब्रोक लॉजला आहे, पण तिथवर म्हाताऱ्या पायांची तंगडतोड करू नका.

आणखी एक. "देवासाठी एक घेऊ का गं?" हा प्रश्न येणारच. तोडायचं नाही, आणि अझेलिया विषारीही आहे, लहान मुलांना पानंफुलं तोंडात घालू देऊ नका. आईचा हात मी वेळीच धरला. ती थोडी फुरंगटली, मग पुढे एका कॅमेलियाखाली थबकली. कॅमेलिया पाकळी-पाकळीने नाही, अख्खंच्या अख्खं गळतं. खाली लाल फुलांचा सडा पडला होता. "जमिनीवरचं फक्त प्राजक्ताचं चालतं देवाला," ती पुटपुटली, आणि वाकून त्यातल्या त्यात ताजं एक उचललं. घरी नाही आणलं. शेजारच्या ओकाच्या बुंध्याशी ठेवलं, नमस्कार केला आणि मला म्हणाली, "चल, दशम्या काढ आता."