शाळेतली खिचडी: डाव उचलण्याआधी या चुका टाळा

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. ही मापं कच्च्या शिध्याची. शिजलेली खिचडी 100 ग्रॅम मोजून वाढलीत, तर ताटात जेमतेम तिसरा हिस्सा तांदूळ पडतो आणि 450 उष्मांक, 12 ग्रॅम प्रथिनं कागदावरच राहतात. मोठ्या वर्गांना तर 700 आणि 20 लागतात. तरी पहिलीतल्या चिमुरड्याला आणि आठवीतल्या उंच पोराला डाव एकच! एवढं करा, डाव दोन ठेवा.

शिधा कालच्या हजेरीवर काढू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी पोरं कमी येतात, दुसऱ्या दिवशी सगळी हजर. मग शेवटच्या रांगेसाठी पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं जातं. सकाळची हजेरी झाल्यावरच तांदूळ मोजा. डाळ कमी पडली तर बटाटा वाढवणं हाही तोडगा नव्हे; पोट भरतं, प्रथिनं नाहीत.

तांदूळ धुताना थोडे दाणे वर तरंगले की मदतनीस ताई "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून वेचून टाकतात. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले पोषणयुक्त दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. फेकू नका. ताईंना भिजवून, शिजवून दाखवा. नुसतं सांगून पटत नाही.

आता ज्यांचं ताट वेगळं असतं ती मुलं. शेंगदाण्याचा कूट आपण हात सैल सोडून घालतो. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी कूट घालण्याआधीच वाटी बाजूला काढावी लागते, नंतर दाणे वेचून भागत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच पालकांना विचारा आणि यादी फळ्यावर नको, स्वयंपाकघरात लावा. अंड्यांचा सरकारी निधी 2025 च्या सुरुवातीला थांबला. गावाच्या मदतीने अंडी देत असाल, तर न खाणाऱ्यांना केळं त्याच वेळी द्या, उरलंसुरलं म्हणून नव्हे. आणि पंगत वेगळी बसवू नका.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर घड्याळ सांभाळा. जेवणाआधी इंजेक्शन झालं आणि गॅस संपल्याने खिचडी पाऊण तास लांबली, तर साखर खाली जाते. ग्लुकोजची पुडी वर्गशिक्षकाच्या खणात हवी, ऑफिसच्या कुलपात नको.

राहिली चवीची नोंदवही. 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाढण्याआधी किमान एका शिक्षकाने चव घ्यायची असते. मी एकदा घाईत आधीच सही केली होती. शेरा: "उत्तम". त्या दिवशी खिचडीत मीठच नव्हतं.