सोयाबीननंतर ज्वारी पेरायचीय? आधी चार कप मातीत बी टाकून बघा

सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्यात, आता पंधरा-वीस दिवसांत काढणी आणि लगेच रब्बीची गडबड, म्हणून हे आत्ताच लिहितोय. काढणी झाल्यावर वाचून उपयोग नाही कारण या टेस्टला तीन आठवडे लागतात. पावसाळ्यात सोयाबीनमध्ये जे तणनाशक मारलं ते मातीत उरलंय का आणि पुढच्या पिकाला बाधणार का, हे पेरायच्या आधी घरच्या घरी कसं बघायचं ते सांगतो.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी झालेलं आहे. केना हे तण जाईना म्हणून एका तुकड्यात इमाझेथापायर हे सोयाबीनमधलं तणनाशक दोनदा मारलं गेलं, शिफारस एकरी 400 मिलीची, तिथं दुप्पट पडलं, आणि ऑगस्टमध्ये पावसाने मोठा खंड दिला. ऑक्टोबरला ज्वारी टाकली, उगवण एक नंबर, सगळे खूश. दहा-बारा दिवसांनी त्या तुकड्यातली ज्वारी आहे तिथंच थांबली, पोंग्यातलं पान पिवळं, बुडाला जांभळी झाक, उपटून बघितलं तर मुळं बोटाच्या पेराएवढी आखूड आणि जाड. आम्ही युरिया टाकला, झिंक फवारलं, काडीचा फरक पडला नाही, कारण दुखणं खताचं नव्हतंच.

यात फसगत कुठं होते ते नीट समजून घ्या. इमाझेथापायरसारखी तणनाशकं बी उगवायला अडवत नाहीत. रोप बियातल्या साठ्यावर मस्त वर येतं आणि नंतर स्वतःच्या मुळांनी मातीतलं ओढायला लागलं की अडकतं. त्यामुळे पाचव्या दिवशी उगवण मोजून जमीन चांगली आहे असं ठरवू नका.

आणि सॉइल हेल्थ कार्डवर पण हे दिसत नाही, त्यात नत्र स्फुरद पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू (पीएच) वगैरे धरून 12 गोष्टी तपासतात, तणनाशक त्यात नाही.

माती सोयाबीन उभं असतानाच काढा, दोन ओळींच्या मधून. आधी बांधालगतची किंवा जिथं फवारा गेलाच नाही अशी जागा शोधून तिथली माती घ्या, पण जमीन तीच पाहिजे, काळ्या रानाला मुरमाड माती जोडीला लावून काही कळत नाही. खुरपं आधी या स्वच्छ मातीला लावा, मगच फवारलेल्या रानाला. फवारलेल्या रानात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती घमेल्यात एक करा. ज्या कोपऱ्यात पंप भरता, जिथं वळताना फवारा डबल बसतो, तिथली माती मात्र वेगळी ठेवा, खरा दोष बहुतेक तिथंच सापडतो. ढेकळं फोडा, उन्हात वाळवू नका, आणि शेणखत अजिबात मिसळू नका, शेणखत औषध धरून ठेवतं आणि टेस्ट खोटी पास होते.

मग चहाचे कागदी कप किंवा आइस्क्रीमचे डबे, प्रत्येक मातीचे चार. बुडाला छोटं भोक, खाली ताटली, आणि पाणी ताटलीत घालायचं, वरून बदाबदा ओतलं तर औषध धुऊन जातं. जे पेरायचंय तेच बी दहा-दहा दाणे टाका आणि एखाद्या कपात मोहरी पण टाका, मोहरी या औषधांना फार नाजूक असते. सगळे कप एकाच जागी, भरपूर उन्हात. नवीन औषध तपासताना जगभर अशीच कुंडीतली टेस्ट करतात, ओईसीडी या अनेक देशांच्या संघटनेची 208 नंबरची पद्धत, त्यात नियमच आहे की साध्या मातीतलं बी 70 टक्के उगवलं नाही तर टेस्ट बाद. आपणही तेच धरायचं, स्वच्छ मातीतच उगवण कमी असेल तर बी बदला आणि परत लावा.

उगवल्यावर पाच-पाच रोपं ठेवा आणि दोन ते तीन आठवडे थांबा. नंतर कप बादलीतल्या पाण्यात बुडवून माती हळूच सुटू द्या, मुळं तोडू नका, दोन्हीकडची रोपं पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी मांडा. फरक लगेच नजरेत भरतो. शिवाय वरचा भाग कापून किचनच्या काट्यावर वजन करा, वजन चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कमी भरलं तर मी तरी तिथं ते पीक पेरत नाही.

शंका राहिली तर फवारलेल्या मातीच्या एका कपात ॲक्टिव्हेटेड चारकोलची पूड चमचाभर मिसळा, माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिळतो, चुलीतला कोळसा चालणार नाही. चारकोलवाल्या कपातलं रोप सुधारलं तर दोष औषधाचाच, नाहीतर मर रोग, चोपणपणा (सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन) किंवा लोहाच्या कमतरतेचा केवडा (पानं पिवळी पडणं) असं काहीतरी असणार.

मका किंवा उसात ॲट्राझिन हे तणनाशक मारलेल्या रानात कांदा, भाजीपाला घेणाऱ्यांनी काकडी लावून बघा. तिथं लक्षण उलटं, आधी खालची जुनी पानं कडेने पिवळी पडून करपतात, आणि सावलीत ठेवलं तर लक्षण नीट दिसतच नाही. सोयाबीनमध्ये क्लोरिम्युरॉन हे तणनाशक वापरलं असेल तर जास्त सामूच्या चुनखडी काळ्या रानात ते लवकर मोडत नाही, त्यांनी तर टेस्ट चुकवूच नये. ग्लायफोसेटला मात्र लोक उगाच दोष देतात, ते मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, पुढच्या पिकाला सहसा लागत नाही.

टेस्ट नापास झाली तर बियाण्याचं प्रमाण वाढवून काही होत नाही. इमाझेथापायर असेल तर ज्वारी, मोहरी, सूर्यफूल सोडून हरभऱ्याचे कप लावा, तो तुलनेनं जास्त सोसतो. पाण्याची सोय असेल तर रान भिजवून वापशावर नांगरट करा, शेणखत आता टाका, ओल आणि उबेत मातीतले जिवाणूच हे औषध मोडतात, कोरड्या रानात ते तसंच पडून राहतं. पेरायच्या आधी परत चार कप लावा. आणि तणनाशकाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो, मारल्याची तारीख, किती पंप बसले हे मोबाइलमध्ये असू द्या, कृषी विज्ञान केंद्रात गेलात की पहिला प्रश्न हाच विचारतात.