सुट्टी टाकून मदतीला निघताय? फायरवाल्यांनी आधी एवढं बघा

कॉल आला की गाडीवर चढायला आपल्याला मिनिटभर पुरतं, सगळं जागच्या जागी लावलेलं असतं, पण पूर ओसरल्यावर स्वतःच्या सुट्टीत स्वयंसेवक म्हणून जायचं तर हीच घाई नडते, म्हणून निघायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि शांतपणे तयारी करा.

पहिलं काम फोन. ज्या टीमबरोबर जाणार किंवा तिथली जी कंट्रोल रूम असेल तिकडे नाव नोंदवा, पंप चालवता येतो की प्रथमोपचार येतात ते स्पष्ट सांगा, कोणाला रिपोर्ट करायचं ते लिहून घ्या. न बोलावता जाऊन धडकलो तर आधीच चिंचोळ्या झालेल्या रस्त्यावर आपलीच गाडी अडून बसते. साहेबांची परवानगी लेखी घ्या आणि विम्याचं विचाराच, ड्युटीवर नसताना लागलं तर खात्याचं कव्हर मिळेल असं धरून चालू नका. आपलं पाणी, खाणं, अंथरूण निदान 3 दिवसांचं आपल्याबरोबर, तिथल्या लोकांच्या वाट्यातलं घ्यायचं नाही.

आगीचा सूट आणि ते जड बूट घरीच राहू द्या. पाण्यात उतरलात की ते भिजून इतकं जड होतं की हलता येत नाही, पाण्याजवळ काम असेल तर लाइफ जॅकेटच हवं. चिखल उपसायला पूर्ण बाह्यांचे कपडे, हलकं हेल्मेट, खिळा आरपार जाणार नाही असे जाड तळाचे बूट, रबरी हातमोजे आणि त्यावर चामड्याचे, गॉगल, बुरशीसाठी एन 95 मास्क (दाढी असेल तर तो नीट बसत नाही, दाढी काढून टाका), हेडलॅम्प, शिट्टी, पॉवर बँक. धनुर्वाताच्या इंजेक्शनला 10 वर्षं होऊन गेली असतील तर घेऊन टाका, आणि लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, लेप्टोस्पायरोसिसची) गोळी घ्यायची का हे डॉक्टरांनाच विचारा.

आता पंपाचं, कारण इथे आपले लोक हमखास चुकतात. तळघर भरलेलं दिसलं की आपल्याला ते तासाभरात कोरडं करायचं असतं, पण बाहेरची माती पाण्याने फुगलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की तिचा दाब अडवायला काही उरत नाही आणि भिंत आत येऊ शकते. बाहेरचं पाणी उतरल्यावरच सुरुवात करा, दिवसाला साधारण एक तृतीयांश एवढंच काढा, आणि हे घरच्यांनाही समजावून सांगा नाहीतर त्यांना वाटतं आपण काम टाळतोय. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात नाही. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांब, पाऊस आहे म्हणून लोक तो व्हरांड्यात घेतात आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

आणि वही-पेन, कोरे कागद, दोन स्वच्छ टब घ्या, का ते सांगतो. एका घरात आम्ही कपाट उघडलं आणि सगळा चिखल फावड्याने भराभर बाहेर टाकला, काम झपाट्याने झालं म्हणून खूशही होतो, तेवढ्यात बाहेर आजी ढिगाशेजारी उकिडव्या बसून साडीच्या पदराने एक फोटो पुसताना दिसल्या, पुसता पुसता त्यातला चेहराच निघून गेला. मला ते अजून दिसतं. तेव्हापासून विचारल्याशिवाय काही फेकत नाही, आधी "यातलं काय ठेवायचं?" असं विचारून वहीत लिहितो. भिजलेले फोटो पुसायचे नाहीत, चिकटलेले ओढायचे नाहीत, स्वच्छ गार पाण्यात अलगद धुवून कागदावर पसरून वाळवायचे, शक्यतो 48 तासांच्या आत. कोणी बोलायला लागलं तर फावडं खाली ठेवा, ऐका. त्यांच्या घराचे फोटो आपल्या स्टेटसला टाकायचे नाहीत.

परतल्यावर लगेच शिफ्ट लावून घेऊ नका, निदान एक दिवस झोपेसाठी ठेवा. बूट-कपडे घरातल्या कपड्यांपासून वेगळे धुवा, आणि पुढच्या महिनाभरात ताप आला तर पुराच्या पाण्यात काम केलं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा.