रुग्णालयांचे अपूर्ण एम्पॅनलमेंट अर्ज हाताळताना या चुका टाळा

कॅशलेस सुविधेसाठी विम्याच्या पॅनेलवर येऊ इच्छिणाऱ्या रुग्णालयांच्या अर्जांची छाननी मी कोल्हापुरात बरीच वर्षे करीत आलो आहे. पहिल्याच फेरीत पूर्ण असलेला अर्ज क्वचितच हाती येतो. त्याबद्दल डॉक्टरांविषयी माझी फारशी तक्रार नाही, कारण सकाळपासून ओपीडी आणि दुपारी शस्त्रक्रिया सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून एखादा कागद राहून जाणे समजण्यासारखे आहे. माझी तक्रार आहे ती टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांविषयी, म्हणजे आपल्याच मंडळींविषयी. अपूर्ण अर्ज चार दिवसांत पूर्ण होणार की चार महिने रेंगाळणार, हे बहुतेक वेळा आपण पाठवलेल्या पहिल्या त्रुटीपत्रावर ठरते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्रुटी तुकड्यातुकड्याने कळवणे. नवीन माणूस अर्ज उघडतो, तिसऱ्या पानावर एक कागद कमी दिसला की लगेच क्वेरी टाकतो आणि फाइल मिटतो. त्या दिवसाचा निपटाऱ्याचा आकडा छान दिसतो. आठ दिवसांनी तो कागद आला की सातव्या पानावरची त्रुटी सापडते आणि दुसरी क्वेरी जाते. रुग्णालयाच्या बाजूने पाहिले, तर आपण मुद्दाम अडवणूक करीत आहोत असेच वाटणार. शेवटचे पान वाचून होईपर्यंत क्वेरीची खिडकी उघडायचीच नाही, असा माझा नियम आहे. शेजारी एक रेघी कागद ठेवतो, दिसेल ते पेन्सिलीने टिपतो आणि मग सर्व त्रुटींचे एकच पत्र लिहितो. संगणकाच्या काळात कागद कशाला, असे तरुण सहकारी विचारतात. त्यांच्या प्रलंबित फाइली मोजून झाल्यावर उत्तर देईन, असे मी त्यांना सांगतो.

याच घाईचा धाकटा भाऊ म्हणजे कागद नुसत्या नावाने मागणे. शहराबाहेरच्या एका छोट्या प्रसूतिगृहाचा अर्ज आमच्याकडे आला होता. माझ्या एका सहकाऱ्याने त्रुटीपत्रात एवढेच लिहिले, ‘फॉर्म बी जोडावा.’ दोन दिवसांत फॉर्म बी आला. सहकाऱ्याने तो पाहिला आणि ‘चुकीचा कागद, फॉर्म बी जोडावा’ असे पुन्हा कळवले. पुन्हा तोच कागद आला, या वेळी जरा स्पष्ट स्कॅन करून. तिसऱ्या खेपेला रुग्णालयाचे व्यवस्थापक स्वतः आले. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची फ्रेम होती. ती टेबलावर ठेवून ते म्हणाले, “साहेब, आता ओरिजिनलच भिंतीवरनं काढून आणलंय. ह्याच्याहून खरा फॉर्म बी आमच्याकडं नाही.”

फ्रेममध्ये सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीचे प्रमाणपत्र होते. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार त्या प्रमाणपत्राचे नाव खरोखरच फॉर्म बी आहे, त्यामुळे माणूस शंभर टक्के बरोबर होता. आम्हाला हवा होता अग्निसुरक्षेचा फॉर्म बी, जो २००६ च्या अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावा लागतो. तो त्यांच्या कपाटात पहिल्या दिवसापासून पडून होता. पण या तीन फेऱ्यांत जून संपला, जानेवारीचे प्रमाणपत्र जुने झाले आणि जुलैचे येईपर्यंत फाइल आणखी लांबली. मी व्यवस्थापकांना चहा पाजला आणि आधी ती फ्रेम पुन्हा भिंतीवर लावायला सांगितले, कारण ते प्रमाणपत्र केंद्रात दर्शनी भागी असणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

तेव्हापासून मी त्रुटीपत्रात फॉर्मचे नुसते नाव लिहीत नाही. कोणत्या कायद्याखालचा कागद, तो कोण देतो, त्यावर कोणाची सही असते आणि तो कोणत्या मुदतीचा हवा, हे चारही मुद्दे लिहितो. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये परवानाधारक संस्थेने दिलेले, अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे चालू सहामाहीचे प्रमाणपत्र’ हे वाक्य लांब आहे, पण त्याला सोनोग्राफीचा कागद उत्तर म्हणून येत नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या फॉर्म सीबाबतही मी असेच लिहितो.

दुसरी आवडती चूक नावांची. पाटीवर एक नाव, महापालिकेच्या नोंदणीत दुसरे, पॅनवर तिसरे आणि बँक खाते डॉक्टरांच्या व्यक्तिगत नावाने, असा संसार कोल्हापुरातल्या जुन्या रुग्णालयांत सर्रास आढळतो. वडिलांनी सुरू केलेले रुग्णालय मुलगा आणि सून भागीदारीत चालवू लागतात, करार नव्या संस्थेच्या नावाने होतो आणि धनादेश मात्र जुन्याच खात्याचा जोडला जातो. इथे पॅनचे चौथे अक्षर पाहण्याची सवय लावून घ्या. ‘पी’ असेल तर पॅन व्यक्तीचा, ‘एफ’ असेल तर भागीदारी संस्थेचा, ‘सी’ असेल तर कंपनीचा आणि ‘टी’ असेल तर न्यासाचा. करारावर भागीदारी संस्था आणि पॅनवर ‘पी’ दिसला, की तिथेच थांबा. हे सुटले तर दाव्यांच्या रकमेतून कापलेला टीडीएस भलत्याच पॅनवर जमा होतो आणि मार्चअखेरीस रुग्णालयाचे सीए आपल्याला फोन करतात. मी नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि १३ अंकी रोहिणी क्रमांकाचा (विमा क्षेत्रातल्या रुग्णालयाच्या ओळख क्रमांकाचा) कागद शेजारीशेजारी ठेवून चारही नावे मोठ्याने वाचतो. डोळा ‘हॉस्पिटल’ आणि ‘नर्सिंग होम’ यांतला फरक सोडून देतो, कान सोडत नाही. टंकलिखित खाते क्रमांक मी कधीच चालवून घेत नाही. खातेदाराचे नाव छापलेला धनादेशच हवा.

मात्र पत्त्याच्या बाबतीत उलट चूक होते. एका कागदावर ‘ई वॉर्ड’ आणि सिटी सर्व्हे नंबर, दुसऱ्यावर ‘राजारामपुरी, अमुक गल्ली’ असे असले, की बाहेरगावचा छाननीकार दोन वेगळे पत्ते समजून त्रुटी काढतो. कोल्हापूरचा माणूस असे करणार नाही. शंका असेल तर रुग्णालयाला त्रास देण्याआधी नकाशा उघडा.

खाटांची संख्या तीन ठिकाणी तपासा: शुश्रूषागृह नोंदणीत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या अधिकारपत्रात आणि अर्जात. तीन आकडे तीन प्रकारचे असतील तर खुलासा लेखी घ्या, फोनवर नको. डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, हे बरेच डॉक्टरसुद्धा विसरतात. पदव्युत्तर पदवीची स्वतंत्र नोंद झाली आहे का, तेही पाहा. नुसती पदवीची प्रत पुरेशी नाही. व्हॉट्सॲपवर आलेला, अर्ध्या पानावर अंगठ्याची सावली पडलेला फोटो फाइलला लावू नका.

रिकामी जागा स्वतः भरू नका. ‘उत्तर माहीतच होते, म्हणून मीच लिहिले’ हे वाक्य मी नवशिक्यांकडून इतक्यांदा ऐकले आहे की आता राग येतो. अर्जाखाली सही डॉक्टरांची आहे, त्यामुळे त्यातले अक्षरही त्यांचेच हवे.

‘कागद नंतर येईल, तोवर मंजुरी देऊन टाकू’ हा सल्ला वरिष्ठांकडूनही मिळतो. मंजुरी मिळाल्यावर कागद पाठवणारे रुग्णालय मी अजून पाहिलेले नाही. नूतनीकरणासाठी अर्ज केल्याची पावती म्हणजे नूतनीकरण झाले असे धरणे हाही त्यातलाच प्रकार. पावतीवर मी फाइल पुढे नेत नाही, पण परतही पाठवत नाही. राखून ठेवतो आणि आतल्या मुखपृष्ठावर पुढच्या फोनची तारीख लिहितो. फोन दुपारी, ओपीडी उठल्यावर करतो आणि डॉक्टरांऐवजी ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली असते त्यांनाच करतो.